नायट्रोजनच्या खोलीत मृणालताई

दुपारी जेवण जरा जास्तच झालं, म्हणून डोळे जड होतायत असं मला वाटतं. प्रयोगशाळेतल्या मोजणीच्या छोट्या खोलीत मी स्टुलावर बसलेय. आमची पांढरी पॉलिमरची भुकटी यंत्रात आहे. धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून धरणारी, स्पंजासारखी भोकाभोकांची, फक्त ही भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. ती मोजायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. थर्माससारखं त्याचं मोठं भांडं दाराशी उभं आहे. मी भिंतीला डोकं टेकते.

समोर मृणालताई सबनीस उभ्या आहेत. ही भुकटी पहिल्यांदा त्यांनीच बनवली आणि मला शिकवली. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या गेल्या. त्यांना पोचवायला मी वैकुंठ स्मशानभूमीत गेले होते.

"इरा, श्वास घे," त्या म्हणतात.

"घेतेय की."

"नाही. नुसती छाती हलतेय तुझी."

मी मागे सरकते तर पाठ ओट्याला लागते. हे त्यांच्या कोथरूडच्या घरातलं स्वयंपाकघर. मृणालताई काडी ओढतात, ती विझते. दुसरी ओढतात. तीही विझते.

"बघितलंस?"

मला बघायचं नाही. मी पळत सुटते. बोळ अरुंद होत जातात, भिंती पांढऱ्या, प्रत्येक वळणाला आणखी बोळ. आपण भुकटीच्या आत आहोत हे मला कळतं. इथे शिरलेलं सहजी सुटत नाही, आम्हीच ती तशी बनवलीय. पण इथे गार आहे, मऊ आहे. कसला वास नाही, घुसमट नाही. मी खाली बसते.

मागून पावलं येतात. मनगटावर हात पडतो.

"मला न्यायला आलात?"

"हो."

मी मनगट हिसकते. "माझी मुलगी लहान आहे, ताई. सोडा मला."

"म्हणूनच आलेय," त्या म्हणतात आणि ओढतात. मी भिंतीला धरून ठेवते, त्यांच्या हाताला चावते. त्या हूं की चूं करत नाहीत. खांदा निखळेल इतक्या जोरात ओढत राहतात.

डोळे उघडतात तेव्हा मी बाहेर, व्हरांड्याच्या फरशीवर आहे. खोकून खोकून हवा आत घेतेय. शेजारच्या प्रयोगशाळेतला इनामदार धावत येतो, दारातून डोकावतो आणि तसाच मागे होतो.

"भांडं फुटलंय, मॅडम. सगळा नायट्रोजन खोलीत पसरलाय. आत ऑक्सिजनच उरला नसेल. तुम्ही बाहेर कशा आलात?"

माझ्या उजव्या मनगटावर बोटांचे वळ उमटलेत, काळेनिळे. मी माझा डावा हात त्यांवर ठेवून बघते. वळांच्या टोकांपर्यंत माझी बोटं पोचत नाहीत.