रेतीच्या माठातली बॅटरी

आमच्या अंगणातल्या माठात पाणी नाही, रेती आहे. अन् सकाळच्या टायमाले त्या रेतीवर बॅटरी असते. तहानेला पाहुणा गिलास घेऊन तिकडं वळला का मलेच ओरडावं लागते, "अहो हात नका लावू, तो माठ प्याचा नाही!"

हे सगळं माझ्या नवऱ्याचं. नाव प्रेमानंद, पण मी त्यांले मोनालीचे पप्पाच म्हणते. मोनाली आमची पोट्टी, भिवापूरले दिली. ह्यांचं जरीपटक्यात टेलरिंगचं दुकान आहे, शाळेचे युनिफॉर्म शिवतात. जन्मभर मान खाली अन् डोळे सुईवर. अन् ह्या वयात माणसाले विमानाचं वेड लागलं बापा! खेळण्यातलं नाही, चांगलं मोठं. पंख दारातून निघत नाही, आडवं करून काढा लागते. लाकडाचा सांगाडा स्वतः केला, त्यावर लाल चमकदार प्लास्टिक दुकानातल्या इस्त्रीनं ताणून बसवलं. "झोल नाही राहिला पाहिजे," म्हणे. गिऱ्हाइकाच्या पँटीत झोल राहिला तं एवढं मनावर घेत नाहीत.

विमान खालून ज्या डब्यानं चालवतात, त्याले मी रिमोट म्हणते. हे म्हणतात, ट्रान्समीटर म्हण. म्हणते माझी चप्पल! जुना सेट आहे तो, ओमप्रकाशभाऊनं दिलेला. ओमप्रकाशभाऊचं बाजूलेच कापडाचं दुकान, अन् वेड दोघांचं एकच. त्या सेटातले जुने सेल थकले म्हणून ह्यांनी त्यात लिथियमची बॅटरी टाकली. हलकी, अन् खूप वेळ चालणारी. पण भल्ली तापट! जास्त चार्ज झाली तं पेटते, चेपली तं पेटते. म्हणून सेटातच ठेवून चार्ज कराची नाही. बाहेर काढाची, तिच्याच चार्जरवर लावाची, रेतीत ठेवाची, अन् होईपर्यंत जागचं हलाचं नाही. मी ताट वाढून हाका मारून राहिली, वरण थंडं होऊन राहिलं, अन् हे माठापाशी पाट टाकून बसलेले.

"हिले एकटं सोडता येत नाही वं," म्हणे.

"मले ताप आला होता तवा असे बसले होते का कधी?" मी तोंडावर विचारलं. तं नुसते हासले.

मागच्या उन्हाळ्यात एक बॅटरी चार्ज होता होता फुगली. पुरीसारखी टम्म! ह्यांनी भिंतीवरचा प्लग काढला, मले अन् शेजारणीले गेटाबाहेर हाकललं अन् दिवसभर कोणाले अंगणात पाय ठेवू दिला नाही. पेटली नाही, नशीब आमचं. पण माझं डोकं पेटलं ना! म्हटलं, "घर आहे का फटाक्याचं गोदाम? बस्स झालं. ते विमान ओमप्रकाशभाऊले देऊन टाका."

मले वाटलं भांडतील. पण हे हळूच म्हणाले, "देतो. तू म्हणशील तं देऊनच टाकतो. पण एकदा पाहाले चल. तू आजपर्यंत कधी आलीच नाही." खरंच नव्हती गेली. म्हटलं चला, एकदा पाहू अन् निकाल लावू.

कन्हानच्या पुढं नदीकाठी मोकळं मैदान आहे, रविवारी हे लोक तिथंच जमतात. मैदानाच्या एका अंगाले वांग्याची वाडी, तिथं बाया वांगे तोडून राहिल्या होत्या. दुसऱ्या अंगाले नदीची कोरडी रेती. मी डबा घेऊन झाडाखाली बसली, तोंड फुगवूनच. ओमप्रकाशभाऊ म्हणाले, "भाभीजी, अब देखना."

विमान धावलं, अन् उचललं गेलं. माय वं! ज्या पंखांवर माझ्या घरात इस्त्री फिरली, ते पंख ढगाखालून जाऊन राहिले होते. ऊन पडलं तसं ते लाल प्लास्टिक आरपार चमकलं, आतल्या काड्या न् काड्या दिसल्या. अन् खरं सांगू? मी विमानाकडं कमी अन् ह्यांच्याकडं जास्त पाहून राहिली होती. ह्या माणसाची मान एवढी वर मी लग्नापासून पाहिली नव्हती. मले हा माणूस नवाच वाटला.

मले दाखवाचं म्हणून हे उतरवतच नव्हते. नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ विमान वर होतं. अन् तेवढ्यात हातातला सेट पीक-पीक कराले लागला.

ओमप्रकाशभाऊ ओरडले, "प्रेमानंद, उतारो! जल्दी!"

ह्यांचा चेहरा उतरला. मले नंतर समजलं ते असं. जुने सेल हळूहळू थकत, म्हणून बजर वाजल्यावरही विमान आरामात उतरवता येत होतं. ही लिथियम बाई शेवटपर्यंत ताठ राहते, अन् मग एकदम बसते. तिच्यासाठी बजर आधीच वाजला पाहिजे, म्हणून तो व्होल्टेजच्या वरच्या आकड्यावर लावा लागते. अन् ह्यांनी तो जुन्या सेलाच्याच आकड्यावर ठेवला होता. आगीचं एवढं भ्या घेतलं, माठ आणला, रेती आणली, अन् बजरचं राहूनच गेलं!

विमान तवा नेमकं वांग्याच्या वाडीवर होतं. बाया वाकून काम करून राहिल्या होत्या, त्यांले काही पत्ता नाही. सेट बंद पडला तं ते फिरत्या पंख्यासकट कोणाच्या डोक्यावर पडन, कोण सांगणार? मी उठून उभी राहिली.

ह्यांनी पहिले विमानाचं तोंड नदीकडं फिरवलं. वाडी मागं पडली तशी मोटर बंद केली. मग सेटावरची वळवाची काडी जराशी डावीकडं नेली अन् तशीच धरून ठेवली.

सेटवरचा दिवा विझला.

"गेला," हे म्हणाले. "मी आता काहीच करू शकत नाही. विमानातली बॅटरी वेगळी आहे, शेपटीचे हलते पट्टे जिथं होते तिथंच राहतील, असं वाटते."

असं वाटते! अन् वर ते विमान एकटंच, कोणाच्या हातात नाही. आवाज नाही, काही नाही. ह्यांनी शेवटी जेवढं वळण देऊन ठेवलं होतं, तेवढंच वळण घेत ते रेतीवर फिरून राहिलं होतं, घारीसारखं. एक फेरा, मग त्याच्या खाली दुसरा. मी हात जोडून उभी होती, अन् कोणाले जोडले ते मलेही माहीत नाही. ते खाली आलं, रेतीले टेकलं, घासत गेलं अन् थांबलं. एका पंखाचं टोक तेवढं फाटलं.

वाडीतल्या बाया अजून वांगेच तोडून राहिल्या होत्या.

ह्यांनी सेटाचा गळ्यातला पट्टा काढला अन् सेट ओमप्रकाशभाऊच्या हातात दिला. "घेऊन जा. बॅटरी आता बाद झाली, ती फेकून दे. " मग माझ्याकडं वळले, "खाली बाया होत्या, सुभद्रा. चूक माझी आहे. अन् मी तुले बोललो होतो, तं देऊन टाकतो."

मी ओमप्रकाशभाऊच्या हातातून सेट ओढूनच घेतला.

"पहिले तो बजर कुठं लावाचा असते तिथं लावा. माझ्यासमोर. अन् पुढच्या रविवारी घड्याळ माझ्या हातात राहीन. मी उतरवा म्हटलं का उतरवाचं, एक गिरकी जास्त नाही!"

"पुढच्या रविवारी?" ह्यांले समजेना. "काहून वं?"

"काहून म्हणजे? मले अजून एकदा पाहाचं आहे!"

ह्यांनी दुकानात घालतात तशी मान खाली घातली, अन् सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

आता माठापाशी दोन पाट असतात. वरण थंडं होते, अन् हाक माराले घरात कोणीच नसते.