लिफ्टवाल्याचा आवाज

घाऱ्याला जन्मतःच दोन गोष्टी आयत्या मिळाल्या होत्या, बापाचे घारे डोळे आणि आईची जीभ. डोळे बघून लोक त्याच्याशी हातवारे करत बोलायचे आणि त्याने तोंड उघडलं की ओशाळायचे. आई इथलीच, शाळेत शिवणकाम शिकवायची. बाबा समुद्रापलीकडचे. बोटीवर फिटर म्हणून आले, बोट दुरुस्तीसाठी दोन महिने अडकून पडली आणि सुटली तेव्हा हे मागेच राहिले. मग लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागले. आई त्यांना 'अहो' म्हणायची. लग्नानंतर सहा महिने त्यांची समजूत होती, की या देशात आपलं नाव बदलून 'अहो' ठेवलंय.

बाबांच्या हाताला कुठलंही यंत्र वश व्हायचं, पण जिभेला इथलं व्याकरण कधीच वळलं नाही. 'तो खुर्ची', 'माझा बायको', 'लिफ्ट आजारी आहे'. फोनवर तर त्यांची बोबडीच वळायची. त्यामुळे तक्रारींचे फोन घाऱ्याच घ्यायचा. अकराव्या वर्षी छातीतून घोगरा आवाज काढून तो सांगायचा, "हं, लिफ्टवाला बोलतोय. दोर तपासावा लागेल. दुपारी येतो." दुपारी बाबा जायचे, मान डोलवायचे, काम चोख करून परत यायचे. फोनवर एवढा बोलघेवडा असलेला माणूस समोर आला की मिठाची गुळणी का धरतो, हे गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही.

त्या घोगऱ्या आवाजाच्या जोरावर घाऱ्या विसाव्या वर्षी एका नाटक मंडळीत शिरला. पण कारकून, वकील, नवरामुलगा, कुठलीच भूमिका या चेहऱ्याला शोभणार नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सात वर्षं तो नेपथ्य हलवत राहिला, फार तर भालदार म्हणून उभा राहिला. अखेर एका विनोदी नाटकात परदेशी घड्याळजीची भूमिका निघाली आणि दिग्दर्शकांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ती त्याला दिली.

तालमीत काही केल्या जमेना. चौथ्या दिवशी मास्तर कावले. "अरे, घरात जिताजागता परदेशी बाप आणि तू परदेश पुस्तकातून काढतोस होय?"

घाऱ्याच्या तोंडून आलं, "हा घड्याळ आजारी आहे. मी तिला औषध देतो."

मंडळी हसून हसून खाली बसली. मास्तरांनी टाळी वाजवली. त्या दिवशी घरी गेल्यावर घाऱ्याला बाबांच्या नजरेला नजर देववेना.

नाटक तुफान चाललं. साठ प्रयोग झाले, तरी काही ना काही सबब सांगून त्याने आईबाबांना लांब ठेवलं. कधी म्हणे तिकिटं संपली, कधी म्हणे नाटक तुमच्यासारख्यांना आवडण्यातलं नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आईच्या शाळेतल्या बाईंनी नाटक पाहिलं, शाळेत तोंडभरून कौतुक केलं आणि आईला दोन तिकिटंही आणून दिली.

एकसष्टावा प्रयोग रविवारी दुपारी होता. घड्याळजी रंगमंचावर आला, पहिलं वाक्य बोलला, हशा पिकला. आणि हशा ओसरता ओसरता घाऱ्याची नजर तिसऱ्या रांगेवर गेली. बाबा ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर. बंद लिफ्टच्या दाराला कान लावून मोटरचा आवाज ऐकताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

पुढचं वाक्य त्याने सवयीने म्हटलं. पुन्हा हशा. त्यातही त्याला एकच गोष्ट ऐकू आली, तिसऱ्या रांगेतली शांतता. पहिला अंक त्याने अंगात ताप असल्यासारखा ओढून नेला.

मध्यंतरात मास्तर रंगपटात आले. "भूत बघितल्यासारखा का बसलायस?"

"मास्तर, बाबा आलेत."

"मग छानच की! जोर लाव जरा."

घाऱ्याने आरशात पाहिलं. कपाळावरचा रंग घामाने ओघळला होता. तो पुसून त्याने नवा लावला.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला घड्याळजी रडत येऊन घरमालकिणीला सांगतो, 'माझा बायको पळाला, घड्याळ पण नेली.' सगळा अंक त्या चुकांवर उभा होता. घाऱ्या आत आला, तिसऱ्या रांगेकडे न बघता सरळ उभा राहिला आणि स्वच्छ, शुद्ध उच्चारात म्हणाला, "माझी बायको पळून गेली. घड्याळही घेऊन गेली."

घरमालकीण झालेली नटी 'पळाला की पळाली?' असं विचारायला तोंड उघडून उभी होती, ती तशीच राहिली. विचारायला काही उरलंच नव्हतं. प्रेक्षकांकडे पाठ फिरवून ती पुटपुटली, "घाऱ्या, डोकं फिरलंय का तुझं?" त्याने पुढचं वाक्यही नीट म्हटलं. त्याच्या पुढचंही. प्रेक्षागृहात खोकला सुरू झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "घड्याळजी बदलला काय?" त्यावर मात्र लोक हसले. विंगेत मास्तर मुठी आवळून उभे होते. दोघांनी मधली पानं गाळली, तिसऱ्याने नको तिथे प्रवेश केला आणि पडदा पंधरा मिनिटं आधीच पडला.

"माझ्या नाटकाचा मुडदा पाडलास," मास्तर एवढंच म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

मागच्या दाराशी आईबाबा थांबले होते. आईने त्याच्या दंडाला हात लावला. बाबा बराच वेळ शब्द जुळवत होते.

"पहिला अंक चांगली," ते म्हणाले. "तो मी होता. मी पोटात हसला. दुसरा अंकात तू कोण होता?"

"बाबा, मला वाटलं, तुम्हाला वाईट..."

"नाही. तुला लाज वाटला." ते थांबले. "माझी."

चाळीस चुका करणाऱ्या माणसाने तेवढा एकच शब्द अचूक वापरला आणि तोच घाऱ्याच्या काळजात रुतला. वर बाबा म्हणाले, "काम अर्धा सोडायची नाही. आत माणूस अडकलेला असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. घाऱ्या उठला, पण बाबांनी त्याच्या आधी रिसीव्हर उचलला. "मी बोलतो," ते त्याला म्हणाले आणि अडखळत, घाम पुसत, तीन वाक्यांचं काम दहा मिनिटांत उरकलं. त्यानंतर त्या घरात तक्रारीचा फोन घाऱ्याने कधी घेतला नाही.

नाटकाची दारं बंद झाली तेव्हा तो सिनेमाकडे वळला. तिथे घाऱ्या डोळ्यांना मागणी होती, पण फक्त मरण्यापुरती. तस्कर, हेर, पुन्हा तस्कर. तो सात वेळा गोळीने मेला, दोनदा कड्यावरून पडून आणि एकदा मगरीच्या तोंडी. आवाज मात्र दरवेळी दुसऱ्याचाच, कारण त्याचे उच्चार म्हणे चेहऱ्याला शोभत नव्हते. आपल्या तोंडी कुणाचा आवाज घालतात ते बघायला तो एकदा डबिंगच्या स्टुडिओत गेला. तिथल्या रेकॉर्डिस्ट बाई त्या दिवशी अडल्या होत्या. लहान मुलांच्या चित्रपटातल्या कासवाला आवाज देणारा आलाच नव्हता.

"तुम्ही बोलून बघता?" बाईंनी विचारलं.

त्या काचेआडच्या अंधाऱ्या खोलीत कुणाला डोळ्यांचा रंग दिसत नव्हता. घाऱ्या कासव झाला. मग अस्वल, न्यायाधीश, म्हातारा राजा, दोन पोलीस आणि एक बोलका फ्रीज. अशी सतरा वर्षं गेली. रस्त्यात त्याला कुणी ओळखत नसे, पण दुकानात त्याने काही मागितलं की माणसं चमकून वळून बघायची.

सेहेचाळिसाव्या वर्षी एका तरुण दिग्दर्शिकेने त्याला मोठी भूमिका दिली, परक्या देशात म्हातारा झालेल्या कारागिराची. चित्रीकरण सुरळीत पार पडलं. डबिंगच्या दिवशी निर्माते स्वतः येऊन बसले. प्रसंग असा, की बायकोला रुग्णालयात ठेवून कारागीर परगावच्या मुलीला फोन करतो.

घाऱ्याने हेडफोन चढवला. पडद्यावर त्याचेच ओठ हलले आणि तो हळू, शब्द चाचपत बोलला, "तुझा आई पडला. श्वास आहे. तू ये."

मग निर्मात्यांचा आवाज कानात आला. "हे असं नको. तुमचा तो घड्याळजी होता ना, तसं करा. लोक अजून आठवण काढतात."

"साहेब, त्याची बायको मरायला टेकलीय."

"म्हणूनच म्हणतो, थोडं हलकं करा."

"नाही जमणार."

"नाही कसं? करारात आवाज आमच्या मर्जीचा आहे." निर्मात्यांनी फोन काढला. "दुसरा माणूस तासाभरात येईल."

दिग्दर्शिका खाली मान घालून बसली होती. रेकॉर्डिस्ट बाईंनी काचेतून घाऱ्याकडे पाहिलं. उठून दार आपटून जावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण तो उठला नाही.

"बाई, तो येईपर्यंत पुढचे प्रसंग लावा," तो म्हणाला. "उरलेलं करून ठेवतो."

बाईंनी निर्मात्यांना विचारलंच नाही. पुढचा प्रसंग लावला. मग त्याच्या पुढचा. कारागीर मुलीवर चिडला, स्वतःशी पुटपुटला, डॉक्टरांशी हुज्जत घालता घालता चुकीचा शब्द वापरून त्यांना हसवून बसला. तिथे बाईही हसल्या आणि लगेच त्यांनी डोळे टिपले. निर्माते घड्याळ बघायचे विसरले होते, पण कपाळावरची आठी गेली नव्हती.

तासाभराने बदली कलाकार आला. मागच्या खुर्चीत बसून त्याने दोन प्रसंग ऐकले आणि पिशवी पुन्हा खांद्याला लावली. "मला कशाला बोलावलंत? हे तर झालंय."

निर्मात्यांनी नुसता हात झटकला. चित्रपटात घाऱ्याचा आवाज राहिला. पण जाहिरातीच्या तुकड्यात त्यांनी दुसऱ्याकडून बोबडी वाक्यं भरून घेतलीच. घाऱ्या भांडला, पण तिथे त्याचं काही चाललं नाही.

ऐंशीच्या घरातल्या बाबांना आईने दुपारच्या खेळाला नेलं. घाऱ्या त्यांच्या शेजारी बसला होता, पण पडद्याकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. फोनच्या प्रसंगात आईने बाबांचा हात घट्ट धरला. बाबा ताठ बसून ऐकत होते. प्रसंग संपला, पुढच्यात कारागीर यंत्राशी झटापट करू लागला आणि त्या गप्प अंधारात बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "पाना उलटी धरलास!"

चार माणसांनी "शू!" केलं. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

आवाजाबद्दल बाबा बाहेर आल्यावरही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, लिफ्टने न येता, तीन जिने चढून ते घाऱ्याच्या वेगळ्या बिऱ्हाडाच्या दारात उभे राहिले. हातात पाना होता.

"हात दे," ते म्हणाले. "दाखवतो."