सहाशे तारे आणि दाऊदभाई

दाऊदभाईंची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी माझा चहा उचलून बाजूला ठेवला तेव्हा. रियाधच्या अल सुलै भागात आमच्या कंपनीचं टाइल्सचं गोदाम होतं. मी साताऱ्याहून नुकताच आलेला साइट इंजिनियर. टेबलावर आठ टोकांची एक सोनेरी फरशी दिसली, तिच्यावर ग्लास टेकवला. मागून मराठीत आवाज आला, "इंजिनियरसाहेब, अशा फरश्या सात-आठशे वर्षांपूर्वी इराणातले कारागीर भिंतीवर बसवायचे. चहाखाली नव्हते ठेवत." मी ओशाळून माफी मागितली. ती फरशी म्हणजे जुन्या नमुन्याची नक्कल होती, हे मला मागाहून कळलं. पण दाऊदभाईंच्या लेखी नकलेलाही मान होता.

श्रीवर्धनच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून आलेले दाऊदभाई तिथे नमुने आणि मोजमापं सांभाळत. मध्ययुगातल्या इस्लामी नक्षीविषयी त्यांच्याइतकं जाणणारं माणूस मला पुढेही भेटलं नाही, आणि त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिलेला होता 'न्हावी'. कफीलकडे, म्हणजे परदेशी माणसाची जबाबदारी घेणाऱ्या सौदी मालकाकडे, त्या वेळी तेवढाच व्हिसा शिल्लक होता. माझी पत्नी पहिल्यांदा येणार होती, तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "कागदावर आहे, तर एकदा तरी करून बघतो," म्हणाले. आधी पट्टी लावून डोक्याची मध्यरेषा ठरवली. केस दोन्ही बाजूंनी अगदी सारखे कापले गेले; फक्त फार कापले गेले. विमानतळावर पत्नी माझ्यासमोरून दोनदा निघून गेली.

ते सौदीकरणाचे दिवस होते. एकेका टेबलावरचा परदेशी माणूस उठे आणि तिथे सौदी तरुण येई. आमच्या खरेदी विभागात असाच फहद आला. त्याच्या घरात ऑफिसची नोकरी करणारा तो पहिलाच, त्यामुळे कागदाला हात लावताना त्याला घाम फुटे. त्याच सुमारास एका श्रीमंत घरमालकांनी आपल्या मजलिसची, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची, भिंत जुन्या पद्धतीने सजवायला दिली. दाऊदभाईंनी फरश्यांची यादी केली: आठ टोकांचे सहाशे तारे, सहाशे क्रॉस.

माल आला. खोकी फोडत गेलो. तारे, तारे आणि तारेच. क्रॉस एकही नाही.

फहदचा चेहरा पडला. "ती ओळ मीच खोडली," तो म्हणाला. "मला वाटलं, आपल्या कंपनीच्या नावावर सहाशे क्रूस कसे मागवायचे? लोक काय म्हणतील?"

दाऊदभाईंनी खाली बसून चार तारे टोकाला टोक लावून मांडले. "मध्ये काय दिसतं?"

"जमीन."

"तिचा आकार?"

फहद बघत राहिला. मग म्हणाला, "या अल्लाह!"

"तारे जवळ आणले की हा क्रॉस आपोआप तयार होतो," दाऊदभाई म्हणाले. "आपल्याच लोकांनी शेकडो वर्षं बनवला. नाव कुणीतरी मागाहून ठेवलं, त्यात बिचाऱ्या फरशीचा काय गुन्हा?"

तेवढ्यात आमचे मुदीर, म्हणजे मोठे साहेब, आले. त्यांच्या टेबलावर दाऊदभाईंच्या इकाम्याच्या नूतनीकरणाचा कागद सहीसाठी पडून होता, आणि फहदची नोकरी अजून कच्ची होती. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. "हा घोळ कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," दाऊदभाई म्हणाले. "यादीत 'चार टोकांची फरशी' लिहायला हवं होतं. मी नाव असं लिहिलं की कुणीही गोंधळेल."

"आठ दिवसांत भिंत हवी. नाहीतर खलास!" मुदीर म्हणाले आणि गेले.

मग दाऊदभाईंनी गोदामाच्या कोपऱ्यातली पिरोजी फरशी काढली. ती एका पोहण्याच्या तलावाच्या कामातून उरलेली होती. मी म्हटलं, "अहो, हे शोभेल का?" ते म्हणाले, "जुने कारागीर नक्षी ताऱ्यावर काढत. मधला तुकडा पुष्कळदा असाच एकरंगी ठेवत." पुठ्ठ्याचा साचा करून आम्ही कापायला बसलो. फहदही पांढऱ्या झग्यासकट बसला. त्याचा पहिला तुकडा दाऊदभाईंनी उजेडात धरला. "हे विमान झालं. यल्ला, दुसरा."

आठव्या दिवशी घरमालक आले. भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. "हा निळा रंग कुठून मागवला?"

मुदीरांनी डोळे मिटले. फरशीच्या बाबतीत दाऊदभाई खोटं बोलत नाहीत, ही त्यांची ख्याती होती. "पोहण्याच्या तलावातला आहे, साहेब."

घरमालक भिंतीजवळच्या बैठकीवर टेकले. मग म्हणाले, "म्हणूनच इथे बसल्यावर गार वाटतंय." आणि त्यांनी कहवा मागवला. मुदीरांनी दुसऱ्याच दिवशी त्या कागदावर सही केली.

पुढे दाऊदभाईंची जागाही सौदी माणसाने भरायची ठरली आणि शिकाऊ म्हणून फहदचीच नेमणूक झाली. दर सहा महिन्यांनी एक फॉर्म येई: प्रशिक्षण पूर्ण झालं का? फहद लिही, "नाही. अजून तारा जमत नाही." चार वर्षं त्याला तारा जमला नाही. शेवटी दाऊदभाईच मुदीरांकडे गेले. "पोरगा केव्हाच तयार झालाय. माझ्यासाठी त्याने किती दिवस ढ म्हणवून घ्यायचं? मला जाऊ द्या." विमानतळावर सामान जड भरलं. त्यांनी बॅगेतले कपडे काढून रडणाऱ्या फहदच्या हाती दिले आणि नमुन्याच्या फरश्या तेवढ्या घेऊन निघाले.

आज दाऊदभाई पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. श्रीवर्धनला घराच्या पडवीत ते स्वतःची एक भिंत सजवत आहेत. सहा वर्षं झाली, अर्धी झाली आहे. गेल्या खेपेला त्यांच्या पत्नी रुकय्याभाभींनी मला हळूच सांगितलं, "पुरी झाली तर हे दिवसभर माझ्या स्वयंपाकात लक्ष घालतील. म्हणून मीच अधूनमधून म्हणते, तो कोपरा जरा वाकडा वाटतो हो. की लगेच उखडतात."

दाऊदभाईंचे गुडघे धडधाकट राहोत, नजर अशीच काटेकोर राहो, आणि भाभींना पुढची पंचवीस वर्षं रोज एक नवा वाकडा कोपरा सापडो, एवढीच प्रार्थना.