पापडाची पाळी

एमएच्या पहिल्या वर्षी, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या तासाला, सरांनी फळ्यावर दोन देश काढले. एक देश कापडही झटपट विणतो आणि वाइनही झटपट करतो. दुसरा दोन्हीत ढिला. तरी दोघांनी व्यापार केला तर दोघांचंही भलं होतं, असं सर म्हणाले. मला काही पटेना. जो दोन्हीत मागं, त्याच्याकडून कुणी काय म्हणून घ्यावं? दुपारी परभणीहून पालमला येणाऱ्या एसटीत उभ्या उभ्या मी तेच डोक्यात घोळवत होते.

घरी आले तर गल्लीतल्या बायका आमच्याकडं उडदाचे पापड लाटत बसलेल्या. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत अशी पाळी असते. जिनं आपल्याकडं येऊन लाटलं, तिच्याकडं जाऊन लाटायचं, एवढाच कायदा. शेजारच्या काकू मात्र दोन उन्हाळे आल्या नव्हत्या. पडून त्यांचा उजवा हात मोडला, जुळला, पण जोर गेला. आपल्याला परत लाटून देता येणार नाही म्हणून त्या कुणाला बोलावतही नसत. एकट्या बाईला पापड कशाला लागतात, असं वर म्हणायच्या. त्या दिवशी आईनं त्यांना बळंच ओढून आणलं होतं.

मला तर आयतेच दोन देश मिळाले. मोबाइलवर वेळ लावून मी आईला आणि काकूंना आधी लाटायला बसवलं, मग लाट्या, म्हणजे एकेका पापडापुरते पिठाचे तुकडे, कापायला. लाट्या कापताना पीठ लांब वळायचं, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि कापत जायचं. जेवढ्या वेळात आईचे दहा पापड झाले, तेवढ्यात काकूंचे दोन. लाट्या मात्र आईच्या तीस, तर काकूंच्या डाव्या हातानं वीस. पुस्तकातलं गणित पोळपाटावर असं जुळलेलं बघून मला राहवेना. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं जाहीर केलं, काकू दोन्हीत मागं आहेत.

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. काकू पदर झटकून उठल्या आणि घरी गेल्या. आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की माझं सगळं शिक्षण पाण्यात गेल्यासारखं वाटलं. मला माझीच लाज वाटली.

मी वही घेऊन त्यांच्या मागं गेले. उंबऱ्यात बसून उरलेलं सांगितलं. आई लाट्या कापत बसली की तेवढ्या वेळात तिनं लाटले असते ते पापड बुडतात. काकूंनी कापल्या, तर आईला नुसतं लाटता येईल आणि दोघींचे मिळून जास्त पापड होतील.

"तुमच्यावाचून आमचे कमी होतात, काकू," मी म्हणाले.

काकूंनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

"सगळ्यात मागं असलेल्याचं बी काम लागतं, असं लिवलंय व्हय पुस्तकात?"

मी हो म्हणाले.

त्या परत आल्या आणि दोरा अंगठ्यात धरला. त्यानंतर ताटातल्या लाट्या एकदाही संपल्या नाहीत. ऊन उतरल्यावर बायका पोळपाट गोळा करू लागल्या, आणि उद्या कुणाकडं, अशी विचारणा सुरू झाली. काकू दोरा बोटाला गुंडाळत होत्या.

"उद्या माझ्याकडं या समद्या," त्या म्हणाल्या. "उडीद आजच दळून आणते."