भारद्वाज आणि खराटा

मंगेशचा फोन आला तेव्हा मी सौंसरला, माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. भाऊजींना घरची मुगाची खिचडी द्यायला परवानगी मिळाली की कोणाबरोबर नागपूरला पाठवावी, याचा विचार चालला होता. ऑपरेशन नीट झालं, बाबा बोलले, चहा मागत होते, असं मंगेशनंच आदल्या संध्याकाळी कळवलं होतं. म्हणून फोन उचलताच मी हसत विचारलं, "काय म्हणतात तुझे पेशंट?" पलीकडून माझा भाचा म्हणाला, "मावशी, बाबा गेले." मी गॅस बंद केला. त्या क्षणी डोळ्यांसमोर भाऊजींचा चेहरा आला नाही. आला तो पांढुर्ण्याच्या त्यांच्या घरामागचा खराटा. आणि पहिला विचार आला, की आता माझ्या बहिणीला कसं समजवायचं.

प्रभाकर भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. तहसील कचेरीत बाबू म्हणून नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. माणूस सरळ, पण फोटोचं वेड भलतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आमच्या माहेरी, बोरगावला आले ते कॅमेरा गळ्यात घालूनच. सगळ्या घराचे फोटो काढले. धुऊन आले तेव्हा आईला गळ्यापासून वर काही नव्हतं आणि माझा नुसता हात आला होता, लाडू धरलेला. "भाऊजी, तुमच्या हाती माणूस सापडला की त्याचं मुंडकं गेलंच म्हणा," असं मी म्हटलं, ते त्यांना जन्मभर पुरलं. ताईचा तर एकही फोटो धड नाही. कुठं मान कापलेली, कुठं डोळे मिटलेले. ती म्हणायची, "मी मेल्यावर हार घालाले एक तं फोटो ठेवा जी!" आणि ते म्हणायचे, "तू हलून राहते ना व!"

आमच्या घरात त्यांना आणखी एक नाव होतं, भारद्वाजानं आणलेले जावई. आमच्याकडे भारद्वाज दिसणं फार शुभ. काळं अंग, तांबूस पंख, गुंजेसारखे लाल डोळे. हा पक्षी दिसला की चालता माणूस थांबतो, हात जोडतो. आई म्हणायची, आज गोड खाल. भाऊजी ताईला बघायला आले त्या सकाळी संत्र्याच्या बागेच्या कुंपणावर भारद्वाज बसला होता, आईनं आम्हा दोघींना हात धरून बाहेर नेऊन दाखवला होता. ताईचा संसार त्या दर्शनावर उभा राहिला, असं ती मनापासून मानते. तुम्ही हसा, मीही हसत असे. पण तिला कुणी हसलेलं मला चालत नाही.

या उन्हाळ्यात त्यांच्या सांदवाडीतल्या, म्हणजे मागच्या परसातल्या, संत्र्याच्या झाडावर बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. खांद्याएवढ्या उंचीच्या फांदीत, वाटीएवढं. भाऊजींनी दोरीवर ताईचं जुनं लुगडं टांगलं, त्याला कात्रीनं भोक पाडलं, मागे प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि भोकातून कॅमेऱ्याचं नळकांडं बाहेर काढून दिवसभर बसू लागले. ताईला मागे भांडी घासायची बंदी, कपडे वाळत घालायची बंदी. घरात कुजबुजत बोलायचं. अंडी फुटली, तीन उघडीनागडी पिल्लं निघाली, तशी मला सौंसरला रोज छायाचित्रं येऊ लागली. एकात चोची होत्या पण पिल्लं नव्हती, एकात बुलबुलाचं नुसतं लाल बूड. मुंडकं अर्थातच नाही.

याच दिवसांत त्यांच्या छातीत दुखू लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जास्त दिवस काढू नका, आणि तारीख दिली. भाऊजींनी ती तारीख पुढे ढकलली. का, तर पिल्लांना अजून पंख फुटायचे होते! ताईनं रडत फोन केला, तशी मी मिळेल ती बस पकडून पांढुर्ण्याला गेले. भाऊजी लुगड्यामागे बसलेले, एक हात कॅमेऱ्यावर, एक हात छातीवर. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाले आपला जीव जास्त हाये का हे पाखरं?" त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "नंदा, भेव लागून राहिलं व मले. थ्या टेबलावर निजाचं म्हणजे... इथं बसलो का भेव नाही लागत." मी भांडायला गेले होते. मी आतून पाट आणला आणि त्यांच्या शेजारी बसले. अखेर त्यांनीच सांगितलं, आता जी तारीख मिळेल त्या तारखेला निघू, पिल्लं उडोत न उडोत.

ती तारीख आली, पिल्लं उडाली नव्हती. पंख फुटले होते, काठावर येऊन थरथरत, पुन्हा आत बसत. गाडी दारात उभी. मंगेश पिशव्या ठेवत होता. भाऊजी एकदा शेवटचं पाहून येतो म्हणून कॅमेरा गळ्यात घालून मागे गेले, त्यांच्यामागे हातात दही-साखरेची वाटी घेऊन ताई, तिच्यामागे मी. शेजारच्या काकू भिंतीवरून निरोप द्यायला डोकावत होत्या. आणि कुंपणातून तो आला. भारद्वाज! जमिनीवरून सावकाश पावलं टाकत, मान वळवत. ताईच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग आला. तिनं वाटी पायरीवर ठेवली, हात जोडले. "अवो पाहा, पाहा... आजच्या दिवशी दर्शन दिलं. आता काही फिकर नाही तुमची." तिच्या डोळ्यांत पाणी.

भाऊजींचा मात्र चेहरा उतरला. "कुसुम," ते म्हणाले, "तो पिल्लं खाते व."

भारद्वाज झाडाखाली आला. बुलबुलांची जोडी किंचाळत त्याच्या डोक्यावरून फिरू लागली. भाऊजी वाकून दगड उचलायला गेले आणि ताईनं त्यांचा हात धरला. "नोका ना जी! आज नोका हाकलू त्याले. पाया पडते तुमच्या." भारद्वाज खालच्या फांदीवर चढला. मग वरच्या. एवढा मोठा पक्षी, पण काट्यांतून काय सफाईनं चढत होता! मला ओरडावंसं वाटलं, पण कुणाच्या बाजूनं ओरडू? भाऊजींनी हात सोडवून घेतला नाही. नुसते ताईकडे पाहत राहिले. रागानं नाही. म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

पिल्लं काठावर आली, आई आली समजून चोची उघडल्या... आणि माझ्या बहिणीच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो मी आधी कधी ऐकला नव्हता. भिंतीला टेकलेला खराटा उचलून, पदर खोचायचंही भान न ठेवता ती धावली. "हाट! हाट मेल्या!" खराटा फांदीवर आपटला, पानं उडाली, वाटी लवंडली, भारद्वाज फडफडत भिंतीवरून गेला. घरटं हललं, पण राहिलं. ताई खराटा हातात धरूनच झाडाखाली बसली.

गाडीत भाऊजींनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आम्हाला फोटो दाखवला. केव्हा काढला देव जाणे. हवेत खराटा, उडणारी पानं, भारद्वाजाची शेपटी, आणि मधोमध ताई. पूर्ण. डोक्यासकट, डोळे उघडे. "हे पाय कुसुम," ते म्हणाले, "पहिल्यांदा पुरी आली तू." ताईनं पाहिलं नाही. ती पांढुर्ण्यापासून नागपूरपर्यंत खिडकीबाहेर कुंपणं न्याहाळत होती, भारद्वाज पुन्हा कुठं दिसतो का म्हणून. ऑपरेशनला नेताना त्यांनी विचारलं, "पोट्टे उडतीन ना?" ती म्हणाली, "उडतीन." एवढंच त्या दोघांचं शेवटचं बोलणं; ऑपरेशननंतर आत फक्त मंगेशला सोडलं, आणि मी घरच्या डब्याची सोय करायला त्याच दिवशी सौंसरला परतले होते.

ते गेल्यावरच्या दहा दिवसांत घरी येणाऱ्या बायका हळू आवाजात बोलत. काकूंनी भिंतीवरून पाहिलेलं गल्लीभर झालं होतं. "दारी आलेला शकुन कुसुमबाईनं हाकलला ना व..." मी त्यातल्या दोघींना तोंडावर सुनावलं, तारीख पुढे ढकलली त्याबद्दल बोला की! पण ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "नंदा, खोटं काय बोलून राहिल्या त्या?" ती जेवत नव्हती. मागच्या दाराला तिनं कडी घातली होती. घरटं रिकामं आहे, हे मी पाहून आले होते. पण पिल्लं उडाली की कुणाच्या पोटात गेली, हे कोण सांगणार? मला रात्रंदिवस धाकधूक, की हिनं ते रिकामं घरटं पाहिलं तर ही उरणार नाही. भारद्वाजाला हाकलूनही पिल्लं वाचली नसतील, तर तिच्या लेखी तिनं नवरा कशापायी घालवला?

तेरवी झाली. त्यानंतर एका दुपारी कपडे वाळत घालायचं निमित्त करून मीच कडी काढली. दोरीवर अजून ते भोकाचं लुगडं होतं. त्याच्या टोकाला दोन पिल्लं बसलेली, शेपट्या आखूड, आणि बुलबुल त्यांना भरवत होता. थोड्या वेळानं तिसरंही धडपडत आलं. मी ताईला हाक मारली नाही, नुसती दारातून बाजूला झाले. ती आली, उंबऱ्यावर बसली. बोटांवर मोजून म्हणाली, "तिन्ही हायेत व." मग पहिल्यांदा मोकळी रडली. त्या संध्याकाळी तिनं माझ्याकडे गाडीत न पाहिलेला तो खराट्याचा फोटो मागितला.

परवा मी पुन्हा पांढुर्ण्याला गेले होते. बुलबुलांच्या जोडीनं त्याच झाडावर, जरा वरच्या फांदीला, नवं घरटं केलं आहे, पिल्लंही निघाली आहेत. लुगडं तसंच टांगलेलं, मागे भाऊजींची खुर्ची. खुर्चीवर कुणी बसत नाही, तिथं खराटा ठेवलेला असतो. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात कुंपणामागून हूप-हूप-हूप असा तो ओळखीचा घुमणारा आवाज आला. माझा कप हातातच राहिला. भारद्वाज आत आला, झाडाकडे निघाला. ताई उठली. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "माफी असू दे बापा," ती म्हणाली आणि भाऊजींच्या खुर्चीकडे वळली, "पण हे लेकरं त्यायचे हायेत."

आणि तिनं खुर्चीवरचा खराटा उचलला.