अव्वाला दाखवलेला सिनेमा

सिनेमातल्या लंगड्या माणसांवर माझी लहानपणापासून नजर असते. लंगडा पुरुष एकतर सावकाराचा मुनीम असतो, नाहीतर हिरोचा जिवलग मित्र, आणि मित्र असला की मध्यंतराच्या आत मरतो. बाई तर दिसतच नाही, दिसली तर खिडकीत बसलेली. कामाला निघालेली, डबा घरी विसरून स्वतःवरच चिडलेली लंगडी बाई मला पडद्यावर कधी भेटली नाही. आपल्या म्हणीतसुद्धा लंगडी गाय शहाणी ठरते ती वासरांत.

दीड वर्षाची असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. चालताना मी डावा हात गुडघ्याच्या वर दाबून धरते, नाहीतर गुडघा दगा देतो. रोजच्या दाबानं तिथलं कापड विरतं, म्हणून माझ्या प्रत्येक सलवारीला आतून दुहेरी कापड असतं. ते मीच लावते. सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात मी शिलाईला आहे, मशीनला मोटर आहे आणि पायडलला उजवा पाय पुरतो.

राहते कुंभारीकडच्या दोन खोल्यांत, अव्वाबरोबर. आईला आम्ही अव्वाच म्हणतो. तिचं माहेर मैंदर्गीचं, घरात निम्मी कन्नड चालते. वडील गेले, भाऊ पुण्याला. घरी कुणी आलं की पाणी द्यायच्या आधी अव्वा सांगून टाकते, "ल्हानपणी ताप आला वो हिला, पाय गेला." जणू तिच्या राखणीत दूध नासलं. मी खोलीतून चालत गेले की ती मान खाली घालते, हातात काही नसलं तरी पदर नीट करते. दोघीच राहतो आम्ही, आणि ती माझ्याकडं बघत नाही. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. मी चालताना तिनं एकदा तरी मान वर ठेवावी.

दोन वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमाच्या लोकांनी आमचा कारखाना शूटिंगसाठी भाड्यानं घेतला. गोष्टीतली नायिका लंगडी आणि शिवणकाम करणारी. मग काय, सगळ्यांची बोटं माझ्याकडं. नटीला चालायला शिकवाल का, असं विचारलं, आणि मी हो म्हणाले.

सहा दिवस ती पोरगी आली. आधी माझ्या मागून चालली, मग शेजारून. कारखाना सुटला की सगळ्या जणी मला "तुमी या सावकाश" म्हणतात आणि पुढं जातात. प्रेमानंच म्हणतात. पण हे सावकाश मी शाळेपासून ऐकतेय, आणि त्याचा अर्थ एकटी ये असाच होतो. ती सहा दिवस मात्र रिक्षा थांब्यापर्यंत माझ्या शेजारी होती. मी वेड्यासारखी बोलत सुटले होते. घरी कुणाशी गप्पा मारता, असं तिनं विचारलं तेव्हा अव्वाशी म्हणून ठोकून दिलं. तिच्या सिनेमातल्या सलवारीला मी आतून दुहेरी कापड लावून दिलं.

शूटिंगच्या दिवशी ती हुबेहूब माझ्यासारखी चालली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शक समोरच्या टीव्हीत बघत होते. म्हणाले, "हिच्या पोटात दुखतंय असं वाटतंय. लोकांना कळणार नाही." लगेच कुबडी मागवली. मी म्हटलं, मी कुबडी वापरत नाही. ते गोड हसून म्हणाले, "ताई, तुमचं खरंच आहे. पण ते खरं वाटत नाही ना." जन्मभर जे करतेय ते खरं वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नटीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि कुबडी काखेत घेतली. पुढं तिनं माझे दोन फोन उचलले, तिसरा उचलला नाही. तिला दुसरं काही शिकायचं असेल.

शेवट त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी गावी चित्रित केला, तो मला माहीत नव्हता. मी अव्वाला एवढंच सांगितलं होतं, की सिनेमातली बाई कमावते, भांडते, चालते, आणि तिला चालायला मी शिकवलंय.

"तुज्यासारकीच चालती व्हय?" अव्वानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. कुबडीचं गिळून टाकलं.

"मग दाखव की मला."

सिनेमा लागल्यावर रविवारी दुपारच्या खेळाला गेलो. पायऱ्या चढायला आम्हा दोघींना सारखाच वेळ लागला. पडद्यावर नायिका मशीनवर बसून मुकादमाशी भांडली तेव्हा अव्वा हसली. एका ठिकाणी माझ्या दुहेरी कापडाची टीप दिसली, नायिकेचा हात मात्र तिथं एकदाही गेला नाही. तरी अव्वा पुढं वाकून बघत होती. मध्येच तिनं मान वळवली आणि अंधारात माझ्या पायाकडं बघत राहिली, चांगला वेळ. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मध्यंतरानंतर नायिकेच्या आईनं वेशीपासून देवळापर्यंत दंडवत घालायला घेतलं. डोक्यावर ऊन, कोपरं सोललेली, मागं ढोल. आईचा हात देवळाच्या पायरीला लागला आणि इकडं पोरीनं कुबडी फेकली. चालत गेली, बाजारात भाजी आणायला जावं तशी. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. अव्वानं दोन्ही हात जोडले.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. रिक्षात बसल्यावर मी तणतणायला लागले. "सगळं खोटं हाय अव्वा. असं कुटं होत नसतंय. माजा पाय मला पुरतो."

ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी पण घातलं व्हतं."

"काय?"

"दंडवत. तू तीन वर्साची व्हतीस. तुजा भाऊ पोटात व्हता. निम्म्या वाटंत चक्कर आली, तर सासूबाईनं उटवलं. म्हणली, पोटातलं तरी धड राहू दे." बाहेरच बघत म्हणाली, "त्या पोरीच्या आईनं पुरं केलं बघ. माजं राहिलं."

सत्तेचाळीस वर्षांत तिनं हे मला सांगितलं नव्हतं. माझ्याकडं बघायचं का टाळत होती, ते मला आत्ता कळत होतं. मी त्याला कीव समजत आले, आणि ती गुन्हेगारासारखी वागत होती. आता सिनेमानं, भरल्या थिएटरात, टाळ्यांच्या गजरात तिच्यावर तो गुन्हा शाबीत केला होता. आणि हौसेनं तिकीट काढून तिला तिथं मी नेलं होतं.

"अव्वा, तसं काय नसतंय गं," मी म्हटलं.

तिनं प्रथमच माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "राहिलेलं आता पुरं केलं, तर पावंल का गं?"