ओटीवरचं रेडियल इंजिन

परवा आमच्या गावी, शेणव्याच्या घरी, ओटीवर, चक्क विमानाचं इंजिन सुरू झालं!

आमची निशा मुरबाडला मेकॅनिकल डिप्लोमा करते. लहानपणापासून बोलताना अडखळते... आणि 'र' आला की हमखास. तर सरांनी सेमिनारला विषय कुठला द्यावा? रोटरी आणि रेडियल इंजिन!

सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी पोरगी जेवेना. "आई, मी उद्या नाय जाणार. सगळी हसतील."

म्हटलं, आधी मला तरी समजव. तिने लॅपटॉपवर चित्रं दाखवली... सगळं डोक्यावरून गेलं. नेमकं फिरतं काय, तेच मला कळेना.

शेवटी वैतागून तिने मलाच ओटीच्या मधोमध उभं केलं. म्हणाली, तू शाफ्ट, म्हणजे मधला दांडा. सासूबाई, जाऊबाई आणि खर्डी स्टेशनवरून रिक्षा घेऊन नुकताच आलेला माझा नवरा, हे तीन सिलिंडर माझ्याभोवती.

जुन्या विमानांतल्या रोटरीत म्हणे मधला शाफ्ट जागच्या जागी, आणि अख्खं इंजिनच त्याच्याभोवती गरगरायचं. झालं! गौरी नुकत्याच होऊन गेल्या होत्या, सासूबाईंनी लगेच फेराचं गाणं धरलं. नवराही वाकून वाकून नाचला, काय सांगू तुम्हाला!

मग रेडियल. एवढं वजन गरगरतंय म्हटल्यावर विमान वळवायला अवघड जायचं, म्हणून पुढे हे आलं. यात सिलिंडर उभे, शाफ्ट फिरणार. मी पंख्यासारखे हात पसरले. पण सासूबाईंचे पाय कुठले थांबतायत! गौरीच्या फेरात मधेच थांबायचं नसतं, ही त्यांची जन्माची सवय.

"आजी, आता रे... रे... रेडियल आहे गो, हलू नको!" निशा हसत ओरडली. अडखळली होती, पण तिचं लक्षच नव्हतं.

तिघं उभ्या जागेवरून पाळीपाळीने मला ढकलू लागले आणि मी आपली मधे गरगर गरगर. मी म्हटलं, अगं हे तर आपलं रोजचंच! तुमी बसल्या जागेवरून चहा दे, डबा दे करता, आणि मी फिरते. जाऊबाई पोट धरून हसल्या.

गाडीतलं रोटरी इंजिन आणखी वेगळं. त्यात पिस्टनच नाहीत, समोशासारखा तिकोनी रोटर लांबट डब्यात घुमत राहतो. इंजिन आटोपशीर, थरथर कमी, पण पेट्रोल फार पितं. "मंग आपल्या रिक्षाला नको," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेली एकदाची. मला दिवसभर काम सुधरेना... दोनदा भाजीत मीठ घातलं.

संध्याकाळी आली, दप्तर टाकलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पहिल्याच शब्दाला अडकली होती म्हणे. मागून कोणीतरी खुसखुसलं. मग तिने वर्गातल्या तिघींना पुढे बोलावलं, गोलात उभं केलं आणि स्वतः मधे उभी राहिली.

"आई, खूपदा अडखळले गो. पण कोणी मधे बोललं नाय... सगळे थांबले होते, माझं वाक्य संपेपर्यंत."

मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. चहा त्या दिवशी नवऱ्याने केला.

निशाच्या वर्गातल्या पोरापोरींनो, तुमची माझी ओळख नाही. पण माझ्या लेकीसाठी थांबलात ना... सुखी राहा रे बाळांनो.